गाडीचा मांडव आणि लाकडांचा हिशेब

बाणकोटच्या खाडीकाठी आमचे गाव आहे. घराभोवती माड आहेत आणि माडाखाली गाडी उभी करू नये हे लहान पोरालाही ठाऊक असते. पण आमच्या अंगणात दुसरी जागाच नव्हती. दोन वर्षांपूर्वीच्या एका पहाटे फजरच्या नमाजला उठलो तो धाडकन आवाज झाला. बाहेर जाऊन पाहिले, तर पुढच्या काचेच्या मधोमध नारळ बसला होता.

गाडी शोभेची असती तर आम्ही चार शब्द बोलून गप्प बसलो असतो. पण आम्हां दोघा भावांपैकी थोरला आखातातून कायमचा परतल्यावर त्याच्या जमापुंजीतून ही सात माणसांची व्हॅन घेतली होती. सकाळी शाळेची मुले, दुपारी मंडणगडच्या बाजाराची भाडी, आणि रात्री-अपरात्री गावात कुणाला दवाखान्यात न्यायचे झाले तर पहिली हाक आम्हांलाच. काच बदलेपर्यंत गाडी आठ दिवस उभी राहिली आणि घरात आठ दिवस कमाई आली नाही. त्यातच खाडीची खारी हवा. दरवाजाच्या कडेला गंज धरू लागला होता. गाडीला छप्पर हवे, हे त्या आठवड्यात ठरले.

पहिला विचार लोखंडी शेडचा आला. पण आमच्याकडे खाऱ्या वाऱ्यात लोखंडी पाइपाला दर वर्षी खरवडून रंग द्यावा लागतो, आणि तरीही वेल्डिंगच्या सांध्यातून गंज आत शिरतोच. खाडीकाठच्या जुन्या घरांचे खांब मात्र दोन-तीन पिढ्या उभे आहेत आणि ते लाकडाचे आहेत. शिवाय लाकूड घरातच पडून होते. म्हणून आम्ही लाकडी मांडव घालायचे ठरवले. तो कसा उभा राहिला, किती खर्च आला आणि मध्येच आम्हांला कुठे थांबावे लागले, ते या लेखात सांगत आहोत. ज्यांना असा मांडव घालायचा आहे त्यांना मापे उपयोगी पडतील. थांबावे लागले ती गोष्ट मात्र सगळ्यांच्याच उपयोगाची आहे.

आधी माप, मग लाकूड

आमची गाडी सुमारे बारा फूट लांब, पाच फुटांहून थोडी कमी रुंद आणि सहा फूट उंच आहे. दोन्ही बाजूंची दारे नीट उघडून वयस्क माणसाला उतरता आले पाहिजे, म्हणून प्रत्येक बाजूला तीन फूट जागा धरली. रुंदी झाली अकरा फूट. लांबी सोळा फूट पुरली असती. पण घरातल्या दोघीजणींनी आम्हांला बाजूला घेऊन सांगितले, की पावसाळ्यात कपडे वाळत घालायला जागा कुठे आहे? गाडीच्या मागे दोन दोऱ्या बांधता आल्या तर चार महिने ओल्या कपड्यांचा वास घरात कोंडणार नाही. लांबी अठरा फूट केली. आज विचाराल तर हे दोन फूट सगळ्यात जास्त वापरले जातात.

खांब सहा. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन, आठ-आठ फुटांच्या अंतरावर, म्हणजे दोन्ही टोकांना एकेक फूट छप्पर पुढे येते. उतार एकाच बाजूला. उंच बाजू दहा फूट, खालची आठ फूट. अकरा फुटांत दोन फुटांचा हा उतार पत्र्याला पुरतो. मंगलोरी कौले घालायची असती तर याहून कितीतरी जास्त उतार द्यावा लागला असता आणि मग दुपाखी छप्पर करावे लागले असते. कौले थंड राहतात, दिसतातही छान. पण आमच्याकडे माकडांच्या टोळ्या छपरावरून धावतात आणि दर वर्षी कौले चाळावी लागतात. त्यामुळे पत्र्यावर सगळ्यांचे एकमत झाले.

लाकूड कुठून आणायचे?

परसात एक ऐनाचे झाड आहे. कुणीतरी सुचवले की तेच तोडा, फुकटात खांब मिळतील. असे कुणी सुचवले तर ऐकू नका. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार साग, ऐन, किंजळ, खैर, आंबा, फणस अशी झाडे स्वतःच्या जागेतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शिवाय ओले लाकूड लगेच कामाला घेतले तर ते सुकताना पिळवटते, फाटते आणि सांधे ढिले होतात. लाकूड एक तर वखारीतून पावतीसह घ्यावे, नाही तर जुन्या घराचे चांगले लाकूड शोधावे.

जुने लाकूड आमच्याकडे होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा त्याचा तडाखा खाडीच्या अलीकडे आम्हांलाही बसला. घराची मागची पडवी त्या दिवशी आडवी झाली. अब्बांनी तिचे ऐनाचे खांब, सागवानी वासे, तुळया आणि दोन दारे एकेक करून उचलून विटांवर रचून ठेवली आणि वर प्लास्टिक बांधले. "पुन्हा पडवी उभी करू," असे ते म्हणत. पुढच्या वर्षी अब्बा अल्लाहच्या रहमतीत गेले. लाकडे तशीच राहिली.

जुने लाकूड तपासायची पद्धत सोपी आहे. हातोडीने ठोकून पाहा. भरीव आवाज आला तर लाकूड जिवंत आहे, पोकळ आवाज आला तर आत वाळवी फिरून गेली आहे. पेचकसाचे टोक जोराने टोचा. बोटभर आत गेले तर तो भाग कापून टाका. बारीक गोल भोके आणि पिठासारखा भुसा दिसला तर भुंगा लागला आहे. जमिनीत गाडलेले टोक आणि भिंतीत बसलेले टोक हमखास कुजलेले असते, ते दीड-दोन फूट सोडूनच माप धरा. सगळे खिळे काढा, नाही तर सुताराच्या रंध्याचे पाते तुम्हांला शिव्या देईल.

आमच्या पडवीचे बहुतेक लाकूड शाबूत निघाले. सहा खांबांना पाच इंच बाय पाच इंचाचे ऐन, दोन्ही बाजूंच्या तुळयांना तीन बाय सहा इंच आणि तीन बाय पाच इंचाचे आठ वासे सहज मिळणार होते. आम्ही खूश झालो. लाकूड फुकट पडणार होते.

सुतारमामांचा प्रश्न

पलीकडच्या वाडीतले सुतारमामा आमच्या घराचे जुने सुतार. ती पडवीही त्यांच्या वडिलांच्या हातची. त्यांनी लाकडांवरचे प्लास्टिक बाजूला केले, एका तुळईवर हात फिरवला, सगळी मापे घेतली आणि मग सहज विचारले, "लाकडं तुम्हां दोघांचीच ना? का बहिणींना विचारलंय? नंतर बोलणं नको म्हणून आधीच विचारतो."

आम्ही "हो हो, घरचीच आहेत" असे काहीतरी म्हणालो. ते त्यांच्या कामाला लागले. पण त्या दिवशी असरच्या नमाजला आम्हां दोघांचेही लक्ष नव्हते. घरी परतताना थोरला म्हणाला, "घरची म्हणजे कुणाची?"

अब्बांना जाऊन तीन वर्षे होत आली होती. आम्ही दोघे भाऊ, दोन बहिणी आणि अम्मी. बहिणी लग्न होऊन गेल्या, एक महाडला, एक मुंब्र्याला. घर, बाग, नारळ, सुपारी सगळे आम्हीच पाहत होतो आणि आम्हीच घेत होतो. बहिणी आल्या की दोन पोती नारळ गाडीत टाकायचो आणि आपण फार दिले असे समाधान मानायचो. वाटणी झाली नव्हती. खरे सांगायचे तर त्याहून वाईट होते. वारस नोंदीसाठी एका ओळखीच्या माणसाने हक्कसोडपत्राचा मसुदा करून दिला होता. बहिणींनी सही केली की सातबाऱ्यावर दोघा भावांची नावे लागतील, "सगळे असेच करतात" असे त्याने सांगितले होते. तो कागद कपाटात, कुरआन शरीफ ठेवतो त्याच्या खालच्या खणात पडून होता. बहिणींना अजून दाखवला नव्हता, एवढेच.

सूरह निसाच्या सातव्या आयतीत आई-वडील आणि नातलग जे मागे ठेवतात त्यात पुरुषांचा हिस्सा सांगितला आहे, तसाच स्त्रियांचाही. मग ते थोडे असो किंवा जास्त. ही आयत आम्ही अनेकदा ऐकली होती. पण "थोडे" या शब्दात विटांवर रचलेली लाकडेही येतात, हे कधी मनात आले नव्हते.

रात्री जेवणानंतर अम्मींसमोर विषय काढला. आम्ही म्हणालो, दोघींना फोन करून विचारतो, त्या माफच करतील. अम्मी भाकरी थापायच्या थांबल्या. म्हणाल्या, "माफ करायला आधी हातात तरी द्या. जे त्यांनी कधी पाहिलेच नाही, ते त्या कसे माफ करणार? भावाचे घर तुटू नये म्हणून बहीण 'हो' म्हणते. तो 'हो' मलाही म्हणायला लावला होता, माझ्या भावांनी."

अम्मींच्या माहेरची ही गोष्ट आम्ही पहिल्यांदाच ऐकली. पुढे कुणी बोलले नाही.

लाकडांची वाटणी कशी केली

दुसऱ्या दिवशी जुमा होता. नमाजनंतर मशिदीच्या मौलानांना विचारले. त्यांनी सरळ हिशेब सांगितला. आधी मय्यतीचा खर्च आणि कर्ज, मग वसीयत असेल तर ती, आणि जे उरेल ते वारसांचे. अब्बांचे कर्ज तेव्हाच फेडले होते, वसीयत नव्हती, अब्बांचे आई-वडील त्यांच्या आधीच गेले होते. मूल असलेल्या माणसाच्या पत्नीला आठवा हिस्सा. उरलेल्यातून मुलाला दोन वाटे, मुलीला एक.

लाकडांची किंमत आम्ही स्वतः लावली नाही. वखारीतला जाणकार माणूस बोलावला. त्याने मोजून सुमारे चाळीस घनफूट भरवले आणि ऐन, साग, तुटके-फुटके सगळे धरून सरसकट घनफुटाला १,२०० रुपये दर सांगितला. म्हणजे ४८,००० रुपये. त्याचा आठवा भाग ६,००० रुपये अम्मींचा. उरले ४२,०००. दोन भावांचे दोन-दोन वाटे आणि दोन बहिणींचा एकेक, असे सहा वाटे. एक वाटा ७,००० रुपयांचा. म्हणजे आम्हां भावांचे प्रत्येकी १४,००० आणि बहिणींचे प्रत्येकी ७,०००.

अम्मींना ६,००० आणि दोघी बहिणींना १४,००० असे २०,००० रुपये दिल्याशिवाय त्या लाकडाला करवत लावायची नाही, असे ठरले. सुतारमामांना आठ दिवस थांबायला सांगितले. त्यांनी कारण विचारले नाही. "थांबतो की," एवढेच म्हणाले.

थोरला महाडला जाऊन मोठ्या बहिणीला पैसे देऊन आला. ती रडली, मग म्हणाली की पैसे राहू देत, मला त्या दोन दारांतले एक दे. दाराची किंमत वखारवाल्याने वेगळी सांगितली होती. ती वळती करून उरलेले पैसे तिच्या हातात ठेवले. अब्बांच्या पडवीचे दार आज तिच्या स्वयंपाकघराला आहे.

धाकटी मुंब्र्याला भाड्याच्या खोलीत राहते. तिला पैसे दिले तेव्हा मनातून आम्हांला वाटत होते की ती परत करील. तिने ते मोजले, पदराला बांधले आणि म्हणाली, "भाई, खोलीची अनामत वाढवून मागतात. मी कुणाकडे मागू या विचारात होते." परतीच्या गाडीत आम्ही दोघेही गप्प होतो. तीन वर्षे तिचा हिस्सा आमच्या अंगणात प्लास्टिकखाली पडला होता आणि ती दुसऱ्याकडे हात पसरायच्या विचारात होती.

भिंत शेजाऱ्याची

दुसरा हक्क शेजाऱ्याचा होता. आमच्या अंगणाच्या पश्चिमेला हद्दीवरच शेजारच्या चाचांच्या गोठ्याची जांभ्या दगडाची मागची भिंत आहे. आमचा बेत असा होता, की एका बाजूचे खांब घालायचेच नाहीत. त्या भिंतीत तुळई बसवायची आणि उतार भिंतीकडे करायचा. तीन खांब वाचणार होते.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली एक हदीस आहे. शेजारी आपल्या भिंतीत लाकूड बसवू इच्छित असेल तर त्याला अडवू नये, असा प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सांगण्याचा आशय आहे. काही इमामांनी हे बंधनकारक मानले, तर अनेकांनी ही चांगल्या वागणुकीची शिकवण मानली आणि मालकाची परवानगी आवश्यक धरली. आम्ही ही हदीस चाचांना ऐकवायला निघालो होतो. मौलाना हसून म्हणाले, "ती भिंतवाल्यासाठी आहे. तुम्ही लाकूडवाले. तुम्ही फक्त विचारायचे."

आम्ही विचारले. चाचांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "लाकूड खुशाल घाला. पण पाणी घालू नका."

तेव्हा आम्ही पहिल्यांदा पाण्याचा हिशेब केला. छपराखालची जागा साडेबारा फूट बाय अठरा फूट, म्हणजे सव्वादोनशे चौरस फूट. कोकणात एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस ही नवलाची गोष्ट नाही. तेवढ्या पावसात या एका छपरावरून दोन हजार लिटरहून अधिक पाणी उतरते. मोसमात तीन हजार मिलिमीटर धरले तर साठ हजार लिटरच्या वर. हे सगळे चाचांच्या भिंतीच्या पायाशी सोडायला आम्ही निघालो होतो.

मग आराखडा उलटा केला. उंच बाजू चाचांच्या भिंतीकडे, उतार आमच्या अंगणाकडे. आणि गंमत अशी, की पावसाचा वारा आमच्याकडे नैर्ऋत्येकडून येतो. उंच बाजू उघडी असती तर झड थेट गाडीवर आली असती. आता ती झड चाचांची भिंतच अडवते. भिंतीच्या वर राहिलेल्या फटीला पावसाळ्यात झावळ्यांचे झाप बांधले की काम भागते. त्यांनी पाणी नाकारले नसते तर आमचा मांडव चुकीच्या दिशेला उभा राहिला असता.

भिंतीत तुळई मात्र शेवटी घातलीच नाही. सुतारमामा म्हणाले, जुनी भिंत, आत माती. भिंतीतले लाकूड ओल धरते आणि वाळवीला वाट मिळते. शिवाय उद्या चाचांच्या मुलांनी गोठा पाडायचा म्हटले तर आमच्या छपरामुळे त्यांची अडचण होईल. परवानगी मिळाली म्हणून ती वापरलीच पाहिजे असे नाही. भिंतीपासून दीड फूट सोडून आम्ही आमचे तीन खांब उभे केले. ग्रामपंचायतीकडे अर्ज आणि साधा नकाशाही दिला, तो दोन आठवड्यांत मार्गी लागला.

पाया आणि चौकट

२०२४ च्या रमजानपूर्वी पाया भरला, ईदनंतर छप्पर चढवले. मधल्या महिन्यात काँक्रीटला निवांत पाणी मारता आले.

लाकडाचा खांब कधीही थेट मातीत गाडू नये. मातीच्या पातळीवर हवा, ओल आणि वाळवी तिन्ही एकत्र येतात आणि खांब तिथेच कुजतो. आम्ही दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल असे सहा खड्डे घेतले. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी असे काँक्रीट भरले. वर नऊ इंचांचा चौथरा, म्हणजे पावसाचे उडणारे पाणी खांबापर्यंत पोहोचत नाही. चौथऱ्यात जस्ताचा मुलामा दिलेली, इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची जाड पट्टी बसवली. खांब त्या पट्टीत उभा राहतो, काँक्रीटपासून इंचभर वर, आणि आरपार दोन बोल्टांनी जखडला जातो. एकूण दहा गोणी सिमेंट लागले. प्रत्येक पायाचे वजन पाचशे किलोच्या वर जाते. एवढे जड कशाला, असे आम्हीही विचारले होते.

उत्तर निसर्ग वादळात पाहिलेले होते. चारही बाजूंनी उघडे छप्पर वाऱ्याला पतंगासारखे असते. खालून शिरलेला वारा वर ढकलतो आणि वरून जाणारा वारा ओढतो. छप्पर पडत नाही, ते उडते. त्या दिवशी गावात रिपांसकट उडालेली छपरे पाहिली. त्यांचे खिळे सरळच्या सरळ उपटून आले होते. म्हणून मांडवाचा प्रत्येक भाग खालच्या भागाला बांधलेला हवा. पत्रा रिपेला, रीप वाशाला, वासा तुळईला, तुळई खांबाला, खांब पायाला. या साखळीतली एक कडी खिळ्याची असली, तर सगळी साखळी खिळ्याएवढीच मजबूत.

खांबाच्या डोक्याला खाच घेऊन त्यात तुळई बसवली आणि बारा मिलिमीटरचे बोल्ट, मोठे वायसर घालून आवळले. तुळईचे दोन तुकडे मधल्या खांबावरच जोडले, अधांतरी नाही. आठ वासे अडीच फुटांच्या अंतराने टाकले आणि प्रत्येक वाशावरून जस्ती पट्टी ओढून तुळईला दोन्ही बाजूंनी स्क्रू मारले. भिंती नसल्यामुळे मांडव डुलू नये म्हणून प्रत्येक खांबाच्या वरच्या दोन फुटांत तिरकस आधार दिले. ते सहा फुटांच्या वर आहेत, त्यामुळे गाडीला किंवा डोक्याला लागत नाहीत. खांब उभा करताना ओळंबा दोन बाजूंनी पाहावा आणि चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. कर्ण सारखे आले की चौकट काटकोनात आहे. आमचे पहिल्यांदा दीड इंचाने चुकले होते.

वर सहा पत्रे, एकेक सलग तेरा फुटांचा, मध्ये जोड नाही. रबरी वायसरचे स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारले, खळगीत मारले तर पाणी झिरपते. कडेला आणि कोपऱ्यांत वारा सर्वांत जास्त ओढतो, तिथे प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू.

लाकडाला काजूच्या टरफलाच्या तेलाचे दोन हात दिले. होड्यांना वापरतात तेच. कापलेल्या टोकांना तर भरपूर पाजावे, कारण लाकूड टोकातून पाणी पिते. हातमोजे मात्र हवेतच. हे तेल कातडीला लागले की भाजल्यासारखे फोड येतात. धाकट्याने एकदा उघड्या हाताने काम केले आणि आठ दिवस चमच्याने जेवला.

खर्च

सिमेंट ३,८००, वाळू-खडी ६,०००, पत्रे ९,५००, बोल्ट-पट्ट्या-स्क्रू ४,५००, तेल आणि किरकोळ १,८००, सुतारमामांची नऊ दिवसांची मजुरी ९,०००. एकूण ३४,६०० रुपये. मदतनीस आम्हीच. अम्मी आणि बहिणींच्या हिश्श्याचे २०,००० धरले तर ५४,६००. सुरुवातीला आम्ही वहीत "लाकूड" या शब्दापुढे शून्य लिहिले होते. ते खोडून आकडा लिहिला आणि मगच वही मिटली.

पहिला पाऊस

मृगाचा पहिला मोठा पाऊस आला तेव्हा आम्ही सगळे मांडवाखाली जाऊन उभे राहिलो. पाणी उतरून पन्हळीतून आमच्याच माडांच्या आळ्यात गेले. चाचा छत्री घेऊन त्यांच्या गोठ्याची भिंत पाहून गेले, काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांच्याकडून फणसाचे गरे आले.

लाकडांची वाटणी झाली आणि मग बाकीचे थांबवायला काही कारणच उरले नाही. नारळ-सुपारीचा हिशेब आता वहीत लिहिला जातो. घर आणि बागेच्या वाटणीचे बोलणे सोपे गेले नाही; दोनदा आवाज चढले, एकदा मोठी बहीण न जेवता गेली. अजून सगळे संपलेले नाही. पण कपाटातला तो हक्कसोडपत्राचा कागद आता तिथे नाही, आणि वारस नोंदीत पाचही नावे लागली आहेत.

गेल्या सुट्टीत दोघी बहिणी मुलांसह आल्या होत्या. पाऊस कोसळत होता. गाडी भाड्याला गेलेली, मांडव रिकामा, मुले त्यात खेळत होती. धाकटीच्या मुलाने खांबाला मिठी मारून विचारले, "हा कुणाचा?" ती म्हणाली, "तुझ्या नानांचा." मग आमच्याकडे पाहून हसली.